अर्धा सूर खाली

स्वच्छतागृहाचं दार समजून ती आत घुसली, ती थेट ऑडिशनच्या हॉलमध्ये. आत एकच जण होता... पियानो लावणारा, झाकणाखाली मान घालून तारा पिळत बसलेला.

"उलटी होणार असेल तर त्या बादलीत," तो वर न बघताच म्हणाला. "सकाळपासून दोघांना झाली."

"मला काही होत नाहीये," असं म्हणून ती मटकन खाली बसली.

काही होत नव्हतं म्हणे! सहा वर्षं शास्त्रीय गाणं शिकली आणि आज त्याच गळ्यानं सिनेमाची गाणी गायला रेकॉर्ड कंपनीच्या दारात आली, म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी तिला घराबाहेर काढलं होतं. "ना धड इकडची राहशील, ना धड तिकडची!" आज जमलं नाही, तर बाबांच्या लाँड्रीत इस्त्री ठरलेली. त्यात गाण्यातला शेवटचा तो वरचा सूर! गेल्या वर्षी भर कार्यक्रमात तिथंच आवाज फाटला होता आणि लोक फिदीफिदी हसले होते.

"एक विचारू? हा पियानो... अर्धा सूर खाली उतरवाल? सगळाच?"

"अहो, दोनशेच्या वर तारा आहेत!"

"कुणाला कळणार नाही हो... प्लीज."

त्यानं मान वर काढली, तिच्याकडे बघितलं आणि बघतच राहिला.

"बरं, उतरवतो," तो हळूच म्हणाला. "आधी डोळे पुसा."

तासाभरानं तिला बोलावलं. वादकानं पहिला सूर वाजवला आणि तिच्या काळजात धस्स झालं. उतरवलाय कुठं? तसूभरही नाही! तयार कान तिचे, लगेच कळलं. मेल्यानं फसवलं! पळावंसं वाटलं, पण पाय जागचे हलेनात. मग असा काही संताप चढला म्हणता! शेवटचा सूर तिनं त्या पियानो लावणाऱ्याच्या टाळक्यात घालायचा म्हणूनच लावला. लागला... अगदी स्वच्छ, आणि श्वास पुरेपर्यंत टिकला.

बाहेर तो भिंतीला टेकून उभा होता. चेहरा पांढराफटक.

"खोटारडे! माझा जीव गेला असता!"

"माझा गेलाच होता," तो म्हणाला. "पण नाही म्हटलं असतं तर तुम्ही पळाला असता... मग मी तुम्हाला शोधायचं कुठं?"

तिला हसू फुटलं, पाठोपाठ रडूही. "घेतलं त्यांनी मला. तिथल्या तिथं सांगितलं. सोमवारी निघायचंय... सहा महिने, गावोगाव कार्यक्रम."

त्याच्या हातातली तारा पिळायची किल्ली खणकन पडली. दोघंही उचलायला वाकले. बोटांना बोटं लागली.

"मला भीती वाटतेय," तो म्हणाला. "तिकडे मोठ्या व्हाल... मला विसराल."

"मला काय कमी वाटतेय?" तिनं हात काही काढून घेतला नाही.

"सोमवारी... सोडायला येऊ?"

"सोडायला नको," ती म्हणाली. "सहा महिन्यांनी आणायला या."