हात फिरवलेला आकडा

कुबड्या बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात पुढच्या महिन्याच्या मागणीचा अंदाज मी काढते. संगणकाला मागची विक्री दिली की तो गावागणिक आकडे देतो. मग विक्रीसाहेब त्यांवर 'हात फिरवतात', म्हणजे खोडतात आणि मनाला येईल ते लिहितात. माझी पद्धत पटते सगळ्यांना, वापरत कुणीच नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून मी थकले आहे.

शेवटी म्हटलं, कोण किती चुकतं ते एकदा दाखवूनच देऊ. रबराच्या वासानं कोंदलेल्या खोलीत दुपारभर जुने आकडे खऱ्या विक्रीशी ताडून पाहिले. मी थोडी चुकत होते, चारचौघांसारखी. साहेब चुकतच नव्हते. एका जोडीनंही नाही.

"मागाहून बदलतात का हो आकडे?" मी गोदामवाल्याला विचारलं.

"छे! माल सुटायच्या आधीच ते कुलूपबंद होतात."

त्याच संध्याकाळी नवे आकडे आले. माझ्या धाकट्या बहिणीच्या गावी लहान मुलांच्या दोन जोड्या लागतील, असं संगणक म्हणत होता. साहेबांनी चाळीस केल्या होत्या. तिथल्याच शाळेत माझा भाचा जातो. कागद घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेले.

"चाळीस का, साहेब?"

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "माहीत नाही. हात जातो तिकडे."

"कमी करा ना."

"करतो की. माल कमी जाईल, मॅडम. गरज थोडीच कमी होणार? तुम्हीच शिकवलंत, अंदाज म्हणजे हुकूम नव्हे."

मी बहिणीला फोन केला. पोराला घेऊन लगेच ये, एवढंच म्हटलं.

"ताई, वेड लागलंय का तुला? परीक्षा आहे त्याची!"

पण माझा आवाज ऐकून ती आली. बाकीच्या आयांना काय सांगणार होते मी? आकडा? भाचा सोफ्यावर उड्या मारत होता. मी त्याला ओरडले नाही. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

सकाळी साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. बहिणीबद्दल मी कुणाकडे चकार शब्द काढला नव्हता.

"तिकडचा चाळीसचा आकडा मी एका जोडीनं उतरवला," ते म्हणाले. "आपल्या शहराचा एका जोडीनं चढवला. का, ते कळेना."



त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

"मॅडम, तुमच्याकडे कुणी पाहुणं आलंय का?"