ओळखीचा हात

शैलामावशी माशांच्या टाकीत हात घालून उभी होती आणि मागच्या कप्प्यातलं शेवाळ निळसर उजळलं होतं. इरावती दारातच थांबली.

हे शेवाळ तिच्या वडिलांनी, अण्णांनी, निवृत्तीनंतर घडवलेलं. खाऱ्या पाण्यातली माशांची घाण ते शोषून घेई. पाणी कसं नितळ राही. पण चुकून समुद्रात गेलं तर सगळा किनारा व्यापेल, म्हणून अण्णांनी त्याला वेसण घातली होती. त्यांच्याच कातडीवरचे जिवाणू रोज मिळाले, तरच ते वाढे. मिळाले की उजळे, नाही मिळाले की हळूहळू विरघळे.

अण्णांना जाऊन पंधरवडा झाला होता. त्यांची शुश्रूषा करणारी शैलामावशी अजून घरातच होती. दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. माणसं ताटकळली, तेव्हा इरावती पुढे होऊन म्हणाली, "अण्णा, टाकी मी सांभाळीन." कावळा लगेच उतरला.

"मावशी, मला बघू द्या."

मावशीनं हात काढला आणि इरावतीनं कोपरापर्यंत घातला. उजेड ओसरत गेला आणि विझला.

"साबण लावला असेल," मावशी म्हणाली.

"सकाळपासून नाही लावला."

"मग हात गार पडला असेल."

"मुलगी आहे मी त्यांची!"

"त्याला नातं कुठलं कळतंय, ताई? चार वर्षं अण्णांचं अंग पुसलं, तेल लावलं. माझ्या हाताला लागलं ते लागलं."

चार वर्षं इरावतीही रोज अण्णांशी बोलत होती, टोरांटोहून, पडद्यावर. पडद्यातून जिवाणू उतरत नाहीत.

"त्यांची उशी, चादर, काहीतरी असेल ना?"

विचारता विचारता इरावतीलाच आठवलं. सुतक फिटलं त्या दिवशी तिनंच अंथरूण-पांघरूण टाकायला लावलं होतं आणि फिनाईल ओतून घर धुऊन घेतलं होतं. मावशी तेव्हा म्हणाली होती, "एक पंचा तरी ठेवा." ते अशुभ असतं, असं इरावतीनंच तिला सुनावलं होतं.

"तुम्ही राहाल ना अजून?"

"उद्यापासून देवरुखकरांच्या आजींकडे कामाला जायचंय. तिथं घटकेघटकेला जंतुनाशक लावायला लागतं. माझ्या हातावर तरी काय राहणार?"

इरावतीनं तिचा हात घट्ट धरला. मावशीनं तो सोडवला नाही. दुपारभर दोघी तशाच बसून राहिल्या, तळव्याला तळवा लावून. अण्णांचा हात शेवटचा कधी धरला होता, ते इरावतीला आठवेना.

उन्हं उतरल्यावर तिनं पुन्हा टाकीत हात घातला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एका तंतूच्या टोकाला फिकट निळा ठिपका उमटला.

"बघा, ओळखलं!" मावशी हरखून म्हणाली.

इरावतीनं हात हलवला नाही. ओळखलं खरं, पण कुणाला?