उंबरठ्याखालचा आवाज

"मॅडम, तुम्ही स्वतः कोणता फोन वापरता?"

प्रश्न विचारून तन्मयी उभीच राहिली. सभागृहात खसखस पिकली. शेजारी अलफिया आणि गार्गी माना खाली घालून बसल्या होत्या, कारण पैज त्यांचीच होती: हा प्रश्न विचारलास तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहू. वर्षापूर्वी हीच तन्मयी ढवळे हजेरी द्यायची, ती फक्त स्वतःच्या बाकापुरती ऐकू जायची. मग वक्तृत्वात ती जिल्ह्यात दुसरी आली आणि तेव्हापासून शिक्षकांचं काही खरं नव्हतं.

व्यासपीठावर डॉ. हेमलता गावित होत्या, ‘सहवाणी’ कंपनीच्या ध्वनिशास्त्रज्ञ. दहावीच्या प्रत्येक मुलाला कंपनीचा फोन जवळजवळ फुकट मिळणार होता. अट एवढीच की तो सहवाणीच्याच जाळ्यावर चालणार आणि पाच वर्षं दुसऱ्या कंपनीकडे जायचं नाही. बार्शीच्या शाळेत त्या हीच योजना समजावायला आल्या होत्या.

"दोन वापरते," डॉ. गावित म्हणाल्या. "एक हा कंपनीचा. आणि पर्समध्ये एक मोकळा."

"मोकळा कशाला, मॅडम?"

"ढवळे, बस खाली," पाटोळे सर म्हणाले.

"राहू द्या, सर. तू कार्यक्रम झाला की मला भेट."

त्या काळात महाराष्ट्राला पाण्याच्या जोडीला आणखी एक टंचाई ठाऊक झाली होती, लहरींची. फोनवरचा आवाज हवेतून रेडिओलहरींवर स्वार होऊन जातो, आणि लहरींच्या वाटा मोजक्याच असतात. गाड्या, पंप, विजेचे मीटर, शेतातला ओलावा मोजणारी यंत्रं, सगळीच एकमेकांशी बोलायला लागली, तशी माणसांच्या बोलण्याला जागा पुरेना. मोकळा फोन, म्हणजे कुठल्याच कंपनीशी न बांधलेला, आवाज जसाच्या तसा पाठवायचा. म्हणून तो महागही पडायचा आणि संध्याकाळच्या गर्दीत हमखास तुटायचा. सहवाणीचा फोन मात्र कधी तुटत नसे.

"त्यात जादू नाही," कार्यक्रमानंतर डॉ. गावित प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसत तन्मयीला म्हणाल्या. समोर शाळेचा चहा होता. "तुझी आई विचारते, जेवलीस का. तू काय म्हणतेस?"

"हो, जेवले."

"रोज?"

"रोज. जेवले नसले तरी."

"मग एवढ्यासाठी रोज लहरी कशाला खर्च करायच्या?"

मग त्यांनी नीट समजावलं. फोन घेतल्यावर पहिला महिनाभर तो मालकाचं बोलणं शिकतो. शब्द तर शिकतोच, शिवाय चढउतार, हसू, मधले श्वास. त्यातून जे तयार होतं त्याला कंपनीत साचा म्हणतात. साच्याची एक प्रत फोनमध्ये असते, दुसरी कंपनीच्या यंत्रणेत. माणूस पुढे काय आणि कसं बोलेल याचा अंदाज साचा आधीच बांधतो. अंदाजात आणि खऱ्या बोलण्यात जेवढा फरक पडेल तेवढाच हवेतून जातो. हा फरक म्हणजे शेष. पलीकडे साच्यात शेष मिसळला की आवाज पुन्हा उभा राहतो. साचा कंपनीचा, म्हणून फोनही कंपनीचाच हवा.

"शब्दांची खात्री मी देते," डॉ. गावित म्हणाल्या. "एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. पण लहरी अपुऱ्या पडल्या की अगदी बारीक शेष आम्ही सोडून देतो. त्याचा एक उंबरठा ठरलाय. त्याच्या खालचं जात नाही."

"बारीक म्हणजे केवढं?"

डॉ. गावितांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"माझी आई नवापूरजवळ डोंगरात राहते. तिच्याशी मी कंपनीच्याच फोनवर बोलते, कारण तिथे मोकळा लागतच नाही. मागे ती विहिरीपाशी पडली, तेव्हा तिच्या फोनमुळेच वेळेत कळलं. माझी लेक नागपूरला शिकते. तिच्याशी मोकळ्यावरून बोलते."

"का पण?"

"ती रोज म्हणते, बरी आहे. शब्द तेच. म्हणायची तऱ्हा रोज वेगळी. आणि आमच्या मोजपट्टीवर तो वेगळेपणा फारच बारीक भरतो."

तन्मयीला पुढे एक खोचक प्रश्न विचारायचा होता. तो तिने विचारला नाही.

"माझ्या ताईकडे सहवाणीचाच आहे. घरी आईबाबांकडेही," ती म्हणाली.

अवनीताई लडाखच्या सौरवीज प्रकल्पावर तंत्रज्ञ होती. फोन तिला प्रकल्पाने रुजू होतानाच दिला होता. पहिला महिनाभर ती बर्फ बघून नुसती खिदळायची. त्यानंतरही रोज संध्याकाळी फोन यायचा आणि ताई तशीच असायची. पोरगी रमली, असं बाबा ज्याला त्याला सांगायचे.

"साचा बदलत नाही का, मॅडम? माणूस बदललं तर?"

"दोन वर्षांनी एकदा. नवा साचा पाठवायला लहरी फार लागतात."

मुख्याध्यापकांच्या खोलीत तारेचा जुना फोन होता. तारेवरून आवाज अख्खा जातो. त्यावरून ताईला फोन लावायची परवानगी डॉ. गावितांनी स्वतः मागितली. प्रकल्पाच्या कार्यालयातही तारेचा फोन निघाला, आणि तिथल्या माणसाने अवनीला बोलावून आणलं.

"तनू? काय झालं गं? आई बरी आहे ना?"

आवाज बसका होता. दोन शब्दांमध्ये ताई दमल्यासारखी थांबत होती.

"सगळे बरे आहेत. तू कशी आहेस?"

पलीकडून काहीच आलं नाही. सहवाणीच्या फोनवर एवढी गप्प जागा तन्मयीने कधी ऐकली नव्हती.

"बरी आहे," ताई म्हणाली.

तन्मयीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"तू रडतेयस."

"म्हणजे आज ऐकू आलं तुला? रोज सांगते आईला, मला घरी यायचंय. ती हसून म्हणते, ये की. तिला इतकं मजेत ऐकलं की पुढे बोलायची हिंमतच होत नाही, तनू. वाटतं, माझ्यावाचून तुमचं छान चाललंय."

"आई मजेत नाहीये गं. तुझा फोन झाला की टीव्ही लावते आणि भिंतीकडे बघत बसते."

संध्याकाळी बाबा डाळमिलमधून आले. तन्मयीने सगळं सांगितलं. बाबांनी मिलमधल्या चौघांना सहवाणीचा फोन घ्यायला लावला होता, त्यामुळे त्यांना हे पटेना.

"थांब, तिलाच विचारतो," म्हणत त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "काय अवनी, कशी आहेस?"

"बरी आहे, बाबा. मला घरी यायचंय." आवाज खोलीभर खळखळला.

"ये की मग. कोण नको म्हणतंय?" बाबा हसले आणि तन्मयीकडे बघून त्यांनी भुवया उडवल्या.

तन्मयी कान देऊन ऐकत होती. कुठे एखादा हुंदका निसटतोय का, एखादा श्वास अडतोय का. काही सापडेना. ताई रडते आहे हे तिला पक्कं माहीत होतं, तरी तो आवाज ऐकून तिच्या ओठांवर हसू येत होतं. तिने ते हाताने दाबलं.

फोन संपल्यावर आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आणि तिला मी कशी ऐकू येत असेन?"

"तू फोन घेतलास तेव्हा होतीस तशी. ताईला नोकरी लागली होती तेव्हा."

आई तिथेच खाली बसली. बाबांनी फोन उलटा करून ठेवला.

"उद्या शाळेत नावं द्यायचीत ना?" ते म्हणाले. "तुझं काय करायचं? अख्खा वर्ग घेतोय. तू एकटीच राहशील. मोकळा आपल्याला परवडायचा नाही, सांगून ठेवतो."

"मला कुठलाच नको, बाबा," तन्मयी म्हणाली. "आणि ताईला आता फोनवर काही विचारायचं नाही. आई आणि मी तिला आणायला लेहला निघतोय. तुम्ही येताय का, तेवढं सांगा."