ळ हरवलेला आवाज

दर्यापूरच्या घोगऱ्यांच्या घरात मंगळवारपासून फक्त संगणक बोलत होता. गॅस संपत आलाय, नळाला पाणी आलंय, असं तो एका गोड, परक्या बाईच्या आवाजात सांगायचा. ज्योत्स्नाबाई गप्प होत्या.

घशाच्या कर्करोगात त्यांची स्वरपेटी काढावी लागली होती. तेव्हापासून त्या गळ्याला कंठपट्टी लावत. ओठ आणि घशाचे स्नायू हलले की पट्टी ते टिपायची आणि संगणक शब्द मोठ्यानं उच्चारायचा. शस्त्रक्रियेआधी एका प्रयोगशाळेनं त्यांच्या बोलण्यातल्या एकेका ध्वनीचा ठसा घेऊन ठेवला होता, त्यामुळे आवाज त्यांचाच यायचा. मात्र हा स्वरठसा प्रयोगशाळेच्या जुन्या प्रणालीवरच चालायचा. घरची बाकीची कामं कंपनीच्या नव्या प्रणालीकडे होती. संगणक सुरू करताना दोन्हींची नावं पडद्यावर येत. सकाळची कामं उरकली की दिवाकरराव संगणक बंद करून, सवयीनं ठरलेली कळ दाबून जुन्या प्रणालीत सुरू करत, आणि घरात बायकोचा आवाज येई.

मंगळवारी नव्या प्रणालीनं स्वतःला अद्ययावत केलं आणि ती निवड करायची सोयच नाहीशी झाली. संगणक थेट नव्यातच उघडू लागला. ज्योत्स्नाबाईंनी तिथल्या परक्या आवाजात एक वाक्य बोलून पाहिलं आणि पट्टी काढून ठेवली. त्या पाटीवर लिहू लागल्या. पण दिवाकररावांची नजर जवळजवळ गेलेली. पाटी पुढे आली की ते नुसते बायकोचा हात धरून बसत.

शनिवारी सकाळी त्यांची मुलगी केतकी अमरावतीहून आली. तिनं पेनड्राइव्हवरच्या दुरुस्ती-प्रणालीतून संगणक सुरू केला.

"बाबा, यानं तुम्हाला काही विचारलं होतं?"

"रिकामी जागा वापरू का, म्हणाला. मी म्हटलं, वापर."

केतकी त्यांच्याकडे वळली. "ती जागा रिकामी नव्हती, बाबा. त्याला ओळखू आली नाही एवढंच. तिथं आईचा आवाज होता."

दिवाकररावांचा चेहरा पांढराफटक पडला. ज्योत्स्नाबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

केतकीनं आधी डिस्कची नक्कल काढली. मग विभागांच्या पुसलेल्या खुणा शोधून पुन्हा जागेवर बसवल्या, आणि सुरुवातीला निवड विचारणारा छोटा प्रोग्राम नव्यानं टाकला. संगणक बंद करून चालू केला. पडद्यावर दोन नावं उमटली. तिनं जुनं निवडलं.

आईनं पट्टी गळ्याला लावली.

"ऐकू येतं का हो?"

थोडा खरखरीत, शेवटी किंचित वर जाणारा आवाज. दिवाकरराव उठून त्या दिशेनं वळले. त्यांचे डोळे भरून आले.

"रडू नका. डो... डो..." आवाज तुटला. ज्योत्स्नाबाईंनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तिथंच अडला.

केतकीनं ठशाच्या फायली तपासल्या. "आई, ळ गेलाय. नव्या प्रणालीनं त्याच जागेवर स्वतःचं काहीतरी लिहिलं. तो परत नाही येणार. कंपनीच्या आवाजातला ळ बसवू शकते. जोड कुणाला कळणारही नाही."

ज्योत्स्नाबाईंनी पट्टी गळ्यावर नीट बसवली. मग ओठ वेगळेच हलले.

"डोये पुसा म्हनलं."

दिवाकरराव एकदम हसले. हसता हसता खाली बसले. "केतकी, लग्न झालं तेव्हा ही अशीच बोलायची गं, ळच्या जागी य. डोये, केयी, सकाय. डी.एड.ला गेली आणि सगळे ळ शिकून आली. त्यानंतर आज ऐकतोय."

त्यांनी बायकोचा हात शोधला. "पुन्हा बोल ना. हाच तुझा खरा आवाज."

केतकीचं बोट कीबोर्डच्या कळीवर थांबलं होतं. पडद्यावरचा प्रश्न तसाच होता: हरवलेला ध्वनी भरायचा का?

ज्योत्स्नाबाईंनी तिला हातानं थांबवलं आणि त्या नवऱ्याकडे वळल्या.

"मंग मी जवय असून इतके दिस तुमी कोनाच्या आवाजासाठी झुरत होते?"