काचेवरचा धूसर माणूस

“वळवळ्या, आता तरी गप बस!” सलवाने धाकट्या भावाची, अनिसची कॉलर घट्ट धरली. धक्क्याच्या कठड्याखाली ट्युनिशियातल्या बिझर्ट बंदराचं खोल पाणी होतं. तिची नजर कॅमेऱ्यापेक्षा त्याच्या पायांवरच होती.

मुन्सिफमामाने पेटीसारख्या जुन्या कॅमेऱ्याचं झाकण काढलं. पहिल्या महायुद्धातल्या आरमारांचे, काचेवर काढलेले रंगीत फोटो जमवायचं त्याला वेड. तेव्हा फोटोसाठी किती वेळ दगडासारखं बसावं लागे, ते त्याला सुट्टीवर आलेल्या भाचरांना दाखवायचं होतं.

फोटो धुऊन आला. सलवा आणि मावसभाऊ इस्कंदर झकास, अनिसच्या जागी मात्र नुसता धूर. इस्कंदरने त्याला भूत म्हटलं, तेव्हापासून स्वारी फुगलेली.

दुसऱ्या दिवशी ट्युनिसहून फरहात नावाचा व्यापारी आला. त्याच्याकडच्या काचेवर निळंशार पाणी, युद्धनौका आणि वर उडणारे पांढरेशुभ्र समुद्रपक्षी. मामा पाहतच राहिला. बदल्यात फरहातला खिडकीत लावलेली, मामाच्या आजोबांनी काढलेली काच हवी होती. तिच्यात राखाडी जहाजं होती आणि धक्क्यावर एक धूसर डाग. तो डाग म्हणजे आजोबांचा भाऊ हमदा. त्याच दिवशी तो जहाजावर कोळसा भरायच्या कामाला गेला, तो परतलाच नाही. घरात त्याचा दुसरा फोटो नव्हता.

“डागाला कोण विचारतो, मुन्सिफभाई?” फरहात हसला. मामाने मान खाली घालून काच पुढे केली.

सलवा फरहातच्या काचेवर वाकली. ती पुन्हा त्या पक्ष्यांकडे पाहू लागली. एकेक पीस मोजून घ्यावं इतकं स्पष्ट!

“काका, ही काच नक्की त्याच काळातली?” तिने साळसूदपणे विचारलं.

“अगदी त्याच वर्षातली, बेटा. शब्द देतो.”

“मग या पक्ष्यांना हवेत गप बसायला कुणी सांगितलं?”

इस्कंदरने झटकन अनिसचा धुराचा फोटो शेजारी ठेवला. मामाने भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि आपली काच मागे ओढली. फरहातने चहा अर्धाच टाकून पेटी उचलली.

“माझी अक्कल कुठे चरायला गेली होती?” मामाने सलवाच्या पाठीवर थाप मारली. “आणि तुझं डोकं! पण खरा मान या वळवळ्याचा.”

काच पुन्हा खिडकीत लागली. अनिस टाचा उंचावून त्या डागाकडे बघत राहिला.

“मामा, हमदाआजोबा का हलले?”

“निरोप देत होता रे. हात हलवत होता.”

अनिसनेही हात हलवला. या वेळी त्याला गप बस असं कुणी म्हणालं नाही.