बोगुमिलाचा होकार

आश्लेषा त्या रविवारी सकाळी लायब्ररीत गेली ती केवळ कामासाठी, असं ती स्वतःला बजावत होती. कोलंबसजवळच्या, अमेरिकेतल्याच डब्लिन नावाच्या उपनगरातल्या अपार्टमेंटमधून निघून, बर्फातून बेताने गाडी चालवत ती कोलंबसला युनिव्हर्सिटीत पोचली तेव्हा साडेदहा झाले होते. अकरा वाजता, म्हणजे गावाकडे रात्री साडेनऊच्या मुहूर्तावर, तिच्या लग्नाची सुपारी फुटायची होती. आणि तिला नाही म्हणायचं होतं.

मुलगा वाईट नव्हता. सत्यजित अमेरिकेतच, अर्विंगला नोकरी करायचा, दोनदा भेटला होता, नीट बोलला होता. पण सोयरीक या दोघांची नव्हतीच. तिचे वडील, म्हणजे आबा, आणि सत्यजितचे वडील साखर कारखान्याच्या निवडणुकीत वीस वर्षं एकमेकांना पाण्यात पाहत आले होते. यंदा दोघांनी मिळून एकच पॅनल उभं करायचं ठरवलं. नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार, म्हणून मध्ये पोरगी घातली. ही रीत कारखान्यांच्या कितीतरी आधीची आहे.

तळघरातल्या खोलीत ती ज्या कातडी दस्तऐवजाचे फोटो काढणार होती, तोही असाच एक तह होता. साडेसातशे वर्षांपूर्वीचा, पोलंडमधला. दोन सरदार नदी पायी ओलांडायच्या एका उतारासाठी भांडत होते. शेवटी एकाने आपली तेरा वर्षांची मुलगी, बोगुमिला, दुसऱ्याला दिली. नवरदेव चाळिशी ओलांडलेला बिजवर होता.

जुने कागद दुरुस्त करण्यात ज्यांची वीस वर्षं गेली, त्या सुचित्रामावशींनी शुक्रवारी तिला ते वाचून दाखवलं होतं.

"इथं लिहिलंय, कन्येने सर्वांसमक्ष होकार दिला. तेव्हा मुलीचा होकार कंपल्सरी असायचा. त्याशिवाय चर्च लग्न मानायचं नाही."

"मग दिला असेल तिनं."

"असेल. पण गंमत बघ. नवऱ्याकडचे लोक लिहितात, बाईसाहेब फार गोड बोलतात. आणि म्हातारपणी ती ज्या मठात राहिली, तिथल्या नन्स लिहितात... आमच्या बाई मुक्या आहेत. लग्नाच्या दिवसापासून."

हे सांगताना मावशी हसल्या नव्हत्या. आज त्या वरच्या मजल्यावर आपल्या टेबलाशी होत्या, आणि तेवढाच आश्लेषाला आधार वाटत होता.

तिने पेटी उघडली, दस्तऐवज काचेखाली पसरला, दिवे मालवले. मशीन एकेका रंगाच्या उजेडात एकेक फोटो काढायचं, आणि दोन फोटोंच्या मध्ये काळोख असायचा. लाल उजेड. काळोख. हिरवा उजेड. काळोख. खोलीत मेणाचा वास येऊ लागला, आणि त्याच्या मागोमाग ओल्या लोकरीचा. तिचा कोट तर बाहेर टांगलेला होता, आणि तो लोकरीचा नव्हताच.

जांभळ्या उजेडात होकाराच्या ओळीखाली दुसरी ओळ दिसली. कुणीतरी चाकूने खरवडून काढलेली. तिने तो फोटो मावशींना पाठवला. दोनच मिनिटांत उत्तर आलं.

"'कन्येने तोंड उघडले नाही. तरी आम्ही सर्वांनी होकार ऐकला.' असं लिहिलंय. आशू, तू वर ये. नको, थांब, मीच खाली येते."

तेवढ्यात आबांचा व्हिडिओ कॉल आला. तिने फोन पेटीला टेकवून ठेवला. पडद्यावर पाट, पाटावर सुपारी, आबांच्या हातात बत्ता, आणि मागे फेटे बांधलेली दोन्हीकडची माणसं.

"आशू, सगळे बसलेत बघ. सांग बाळ, पसंत आहे ना?"

महिनाभर घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. पण आबांचा तो सुखावलेला चेहरा पाहिला आणि तिची दातखीळच बसली. मशीनचा उजेड गेला. आणि त्या काळोखात, अगदी तिच्या मानेमागे, कुणीतरी श्वास आत घेतला. बोलण्याआधी घेतात तसा.

आबांचा चेहरा फुलला. "ऐकलं ना मंडळी? हो म्हणाली!"

तिने पडद्याकडे पाहिलं. माइकवर आडवी रेघ होती. लायब्ररीत फोन कायम म्यूटवर ठेवायची तिची सवय होती, आत्ताही तो म्यूटवरच होता. तिने माइक चालू केला.

"आबा, मी काहीच बोलले नाही. मला हे लग्न नाही करायचं. नाही... आबा, नाही!"

"अगं हो, हो! किती वेळा म्हणशील?" आबांनी हसत हसत डोळे टिपले. बत्ता खाली आला. सुपारी फुटल्याचा आवाज तिला स्वच्छ ऐकू आला.

दार उघडून मावशींनी दिवा लावला. आश्लेषाने धावत जाऊन त्यांचे दोन्ही हात धरले आणि सगळं सांगितलं. आबा, म्यूट, मानेमागचा श्वास, तिने तीनदा दिलेला नकार. सांगता सांगता तिला रडू फुटलं. मावशी तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि हळूहळू त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"आशू... बोल ना गं. नुसते ओठ काय हलवतेस?"

टेबलावरचा फोन अजून चालूच होता. तिकडे आबांनी आपला फोन सगळ्यांना ती दिसेल असा फिरवला होता.

"बघा, एवढी वर्षं अमेरिकेत राहून किती गोड बोलते आमची पोर!" ते कौतुकाने म्हणत होते. "बोल बाळ, बोल... आम्ही ऐकतोय."