आधी ओरडा, मग भोंगा

दिवाळीच्या सुट्टीतली संध्याकाळ. प्रणोती आणि तिचा मामेभाऊ आल्हाद ग्वारीघाटावर दिवे सोडायला वाकले होते, तेवढ्यात नदीच्या मधोमध आरडाओरडा झाला. पाणी एकाएकी चढलं होतं. घाटावरच्या विष्णू भैया नावाड्याची नाव उलटली होती. सहा जण वाचले. शहपुऱ्याहून आलेल्या एक आजी मात्र दुसऱ्या दिवशी सापडल्या, खूप खाली, किनाऱ्याच्या झुडपांत.

पोलिसांनी विष्णूला नेलं. वरच्या धरणातून पाणी सुटलं की घाटावर भोंगा वाजतो. तो ऐकूनही विष्णूने नाव काढली, असं सगळे म्हणत होते. भोंगा प्रणोतीनेही ऐकला होता. पण तिला पक्कं आठवत होतं, ओरडा आधी झाला होता. आई म्हणाली, अशा वेळी काही नीट लक्षात राहत नाही. आल्हादने मात्र तिचं सगळं ऐकून घेतलं.

भोंगा घाट मंडळाच्या नेटबुकवर, म्हणजे एका छोट्या लॅपटॉपवर, चालायचा. मंडळाचे चिटणीस म्हणजे प्रणोतीचे श्रीकांतकाका. नेटबुक त्यांनीच निवडला होता. स्वस्त, हलका, मोबाइलसारखा चालणारा, त्यामुळे कुणालाही जमणारा. वीज गेली तरी दिवसभर चार्जिंग टिकायचं. धरणावरून संदेश आला की त्यातलं ॲप भोंगा वाजवायचं. काकांनी लोकांना चारदा करून दाखवलं होतं, चारही वेळा तो वाजला होता.

"तेव्हा नेटबुकचं झाकण उघडं होतं ना?" मंडळाच्या खोलीत जाऊन आल्हादने काकांना विचारलं.

"हे काहून विचारून राहिला तू?" काका चिडले.

आल्हादकडे अभ्यासासाठी तसाच नेटबुक होता. झाकण मिटून ठेवला की थोड्या वेळाने त्याचं डाउनलोड थांबायचं. चार्जिंग वाचवायला तो चालू ॲपसुद्धा झोपवून टाकतो, असं त्याने समजावलं. पोरांचं तोंड बंद व्हावं म्हणून काकांनी झाकण मिटलं. अर्ध्या तासाने त्यांनी आपल्या फोनवरून चाचणीचा संदेश पाठवला. भोंगा वाजला नाही. पुन्हा पाठवला. तरी नाही.

प्रणोतीने झाकण उघडलं आणि भोंगा लागला.

आल्हादने ॲपमधली जुनी नोंद काढली. त्या दिवशी धरणावरून संदेश सुटला पाच वाजून बारा मिनिटांनी, भोंगा वाजला पाच एकेचाळीसला.

"काका, झाकण कुणी उघडलं होतं?"

"मीच. ओरडा ऐकून पाहायला आलो होतो." काका खुर्चीत बसले. त्यांचं बोट नोंद पुसायच्या खुणेकडे गेलं.

"मी फोटो काढलाय," आल्हाद हळूच म्हणाला.

"विष्णू भैया कोठडीत आहे, काका," प्रणोती म्हणाली.

काकांनी हात मागे घेतला. नेटबुक काखेत मारून ते मुलांबरोबर ठाण्यावर गेले आणि चूक आपली आहे, असं त्यांनी लिहून दिलं. नोंद पाहून ठाणेदारांनी मुलांची पाठ थोपटली. मोठ्या माणसांनी विचारायला हवं होतं ते यांनी विचारलं, असं ते म्हणाले.

विष्णू बाहेर आला. त्याने प्रणोतीच्या डोक्यावर हात ठेवला. "बिटिया, तुमने सच बोला. पर अम्मा का हाथ मुझसे छूट गया था."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका शहपुऱ्याला, त्या आजींच्या घरी निघाले. प्रणोती चपला घालून त्यांच्यामागे दारात आली. काका तिला नको म्हणाले नाहीत.